करडी वायर

ते आधी गाडीला हात लावत, मग माणसाकडे पाहत. दुकानासमोर गाडी थांबली की स्टुलावरून उठायचे, बॉनेटवर तळवा टेकवायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि म्हणायचे, "थकली दिसते." हे गाडीबद्दल असे. गाडीतून उतरलेल्या माणसाला, आपल्याकडे कधी लक्ष जातं याची वाट पाहत उभं राहावं लागे. पहिल्या भेटीत मीही तशी उभी राहिले होते आणि मला त्याचा थोडा रागही आला होता.

गडचांदूरहून कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं. पाटी नव्हती, दारावर एक बंद पडलेला हॉर्न तारेने टांगलेला होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते गेल्याला आता वर्ष होत आलं. हॉर्न अजून तिथेच आहे, त्यावर सिमेंटच्या धुळीचा थर चढला आहे. ते असताना तो रोज सकाळी पुसला जात असे.

शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जायचे तेव्हा शटर ओढत नसत. स्टूल उलटा करून दारात ठेवत, म्हणजे दुकान बंद. रस्त्यापलीकडे चहाचं दुकान चालवणाऱ्या ताई तेवढा वेळ नजर ठेवायच्या. कुणी स्टूल सरळ करून बसायला गेलं, तर तिकडून आवाज यायचा, "ओ भाऊ, उलटा हाये न तो!"

गाडीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राला गडचांदुरात अजून टेपच म्हणतात. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या आणि गेल्या, आता पाटीएवढे पडदे असलेले सेट निघाले आहेत, पण नाव टेपच. वायरीला गुंडाळायच्या काळ्या पट्टीलाही टेपच. "टेपच्या वायरीले टेप लावा," असं ते म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा दोनदा विचारावं लागलं होतं.

कंपनीने गाडीत बसवून दिलेल्या टेपला ते 'माहेरचा' म्हणत. बाहेरून आणून बसवलेला तो 'सासरचा'. माहेरच्या टेपचा प्लग कापायला त्यांची सक्त मनाई होती. इतर ठिकाणी सरळ कात्री चालवतात आणि वायरींना वायरी पिळून मोकळे होतात. हे त्या प्लगात बसणारं कपलर आणत आणि सगळे जोड कपलरच्या शेपटीला घेत. "माहेरची वायर कापायची नाई, बाई," ते मला म्हणाले होते. "उद्या गाडी विकली, नाईतर सासरचा बिघडला, त परत जाले रस्ता पाह्यजे का नाई?"

नवा टेप बसला की लोक आपलं आवडतं गाणं लावायला निघत. चाचा हात आडवा धरत. आधी बातम्या. कापसाचे भाव सांगणारा, हवामान सांगणारा, कुणीही बोलणारा माणूस चालेल. गाण्यात खरखर लपते, बोलण्यात लपत नाही, हे त्यांचं मत होतं. एकदा त्यांनी एका नवरदेवाला, सजवलेल्या गाडीत, तुरीवरच्या अळीबद्दलचं संपूर्ण भाषण ऐकायला लावलं होतं.

पण गावात त्यांची ख्याती होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. टेप बसवायचं काम ते स्वतः करत नसत. ज्याची गाडी त्याच्याकडून करवून घेत. "गाडी तुमची, हात तुमचे. मी सांगीन, तुमी कराल." पेचकस ग्राहकाच्या हातात देऊन ते बाजूला स्टुलावर बसत. मी पाहिलेला पहिला विद्यार्थी एक ठेकेदार होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला, डॅशबोर्डखाली उताणा पडलेला, पाय रस्त्यावर.

"चाचा, तुमीच करा न. मले नाई जमत."

"लग्न जमलं न?"

"हो."

"मंग हे बी जमते. बोट घाला आत. मोडत नाई."

"चाचा, त्यायच्या कपड्याची घडी मोडून राह्यली न!" ताई पलीकडून म्हणाल्या.

"मोडू दे. घडी कराले इस्त्री हाये. आता हातात कोणता रंग हाये, भाऊ?"

"पांढरा, चाचा! पांढरा!" ठेकेदार एवढ्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरची शेळी थबकली.

सगळेच रंग असे मोठ्याने सांगत. मला वाटलं, ही इथली पद्धत असेल. चाचा परीक्षा घेतात आणि लोक घाबरून ओरडतात.

मी घाटावरची. नोकरीमुळे इकडे आले, शाळेत मराठी शिकवते. जुनी गाडी घेतली होती, तिच्यातला माहेरचा टेप नुसता रेडिओ आणि सीडीचा. कामासाठी महिन्यातून एकदोनदा गडचिरोलीला जावं लागे. जंगल सुरू झालं की रेडिओ नुसता फुसफुसायचा. फोनवर पुस्तकांची वाचनं ऐकता येतात, तर तसा एक साधा टेप बसवून घ्यावा म्हणून मी दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाचांकडे गेले. नवा टेप मांडीवर घेऊन, कपाळावर आठ्या घालून. आयुष्यात मी पेचकस धरला नव्हता.

त्यांनी मला घाई करू दिली नाही. डॅशबोर्डची फ्रेम चार बोटांनी कशी सारखी ओढायची, कट्‍ असा आवाज आला तर घाबरायचं नाही, चट् असा आला तर थांबायचं, हे सांगितलं. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यांनी एका जुन्या पानाच्या डब्यात घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मांडला. माहेरचा टेप मागच्या प्लगसकट हातात आला तेव्हा मला, खरं सांगायचं तर, एखादा अवघड उतारा पहिल्यांदा नीट लागल्यासारखा आनंद झाला.

मग वायरी. गाडीच्या बाजूच्या वायरी ओळखायला त्यांच्याकडे एक छोटा बल्ब होता. किल्ली बंद असतानाही जिच्यावर तो पेटतो ती यादची वायर. किल्ली फिरवल्यावरच जिच्यावर पेटतो ती किल्लीची. घड्याळ, रेडिओची स्टेशनं, आवाज कुठवर ठेवला होता, हे सगळं टेप यादच्या वायरीवर लक्षात ठेवतो. "यादले लय करंट लागत नाई, बाई. थेंब थेंब लागते. पण तो थेंब तुटला का टेप रोज सकाळी नवा जन्म घेते." बल्ब लावून त्यांनी दोन्ही वायरी झटक्यात शोधल्या आणि मग बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं. नव्या टेपच्या बाजूला मात्र बल्बचा उपयोग नव्हता. तिथे दहा-बारा मोकळ्या वायरींचा झुबका असतो आणि त्यांना रंगाशिवाय दुसरं नाव नसतं.

"आता हातात कोणता रंग हाये?" त्यांनी विचारलं.

मी अनेक वर्षं वर्गात प्रश्न विचारत आले आहे. उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न आणि ठाऊक नसताना विचारलेला प्रश्न, यांचा आवाज वेगळा असतो. परीक्षा घेणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. चाचांनी मान खाली घालून कान माझ्याकडे केला होता. वायर त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती.

"चाचा," मी हळू म्हणाले, "तुम्हाला हा रंग दिसत नाही का?"

त्यांनी आधी चहाच्या दुकानाकडे पाहिलं. मग गाडीच्या उंबऱ्यावर टेकले.

"शुगरनं पडदा खाल्ला डोळ्याचा. दोन वर्षं झाली. चंद्रपूरचा डॉक्टर म्हणे, जे गेलं ते येत नाई. माणूस दिसते, पेच दिसते, वायर दिसते. रंग नाई दिसत. लाईन गेल्यावर घर कसं दिसते? तसं सगळं."

"म्हणून लोकांना स्वतः करायला लावता?"

"चाळीस वर्षं मीच केलं, बाई. माह्या हातून एकाबी गाडीतून धूर नाई निघाला. आता वायरवाल्याले रंग दिसत नाई म्हटलं त कोण येईन इथी? आंधळ्याच्या गाडीत तुमी बसाल का?"

मी शपथ घ्यायला निघाले. ते म्हणाले, "कसम नोका खाऊ. नुसतं कोणाले सांगू नोका."

त्यानंतर मी फार जपून रंग सांगू लागले. एरवी मी 'ग्रीन', 'व्हाइट' असं काहीबाही म्हटलं असतं. आता आपण या माणसाचे डोळे आहोत, तर शब्द चोख हवा, असं मला वाटलं. शुद्धलेखन घालताना सांगावा तसा एकेक शब्द मी सावकाश उच्चारला.

"काळी."

"हं. जमिनीची. बाजूले ठेवा."

"तांबडी."

"लाल म्हणा. हं. ती किल्लीची."

"जांभळी. पांढरी. करडी."

"बस! तीच पाह्यजे. यादची हाये ती. बांधा तिले."

बाकीच्या वायरींपर्यंत आम्ही गेलोच नाही. आधी जीव टाकायचा, गळा मागून जोडायचा, म्हणजे स्पीकर नंतर, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तीन जोड केले, प्रत्येकाला पट्टी गुंडाळली. त्यांनी जोड बोटांनी चाचपले, समाधानाने मान हलवली आणि बॅटरीचं टर्मिनल लावलं.

टेपचा पडदा उजळला नाही. आधी वास आला, मग डॅशबोर्डच्या पोकळीतून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि काचेपाशी पसरली. चाचांनी टर्मिनल उपसून काढलं.

"चाचा! धूर?" ताई चहाची किटली हातात घेऊनच धावत आल्या. शेजारचा पंक्चरवाला आला. आणखी दोघे थांबले.

"माही चूक हाये," चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाईची नाई. मी चुकीची वायर सांगतली."

लोक पांगल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी पिवळी म्हटलं न?"

मी आठवून पाहिलं. "नाही चाचा. पिवळी नाही म्हणाले मी."

"नक्की?"

"नक्की."

मी खरं बोलत होते. तो शब्द मी उच्चारलाच नव्हता. मग काय म्हणालात, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि आपण होऊन सांगावं हे मला सुचलं नाही. एका प्रश्नाचं अंतर होतं. ते ओलांडायला आम्हाला दोन-अडीच महिने लागले.

कापलेलं काहीच नसल्यामुळे माहेरचा टेप दहा मिनिटांत परत बसला. शेवटचा स्क्रू मी आवळल्यावर चाचा म्हणाले, "मी कानानं ऐकलं, बाई. पिवळी. माह्या वालिदचं असंच सुरू झालं होतं. आधी न बोललेलं ऐकू ये. मंग आमची नावं गेली. शेवटी मलेच इचारत, तू कोणाचा रे बाबू?"

त्या दिवसापासून त्यांनी वायरींचं काम बंद केलं. टेपवाले आले की दुसऱ्या दुकानाकडे बोट दाखवत. बॅटरीत पाणी घालणं, हेडलाईटचा बल्ब बदलणं, एवढंच. येणाऱ्या गाडीसाठी उठत नसत. मी शाळेतून येताना थांबायचे, ताईंकडून दोन चहा सांगायचे. ते चहा प्यायचे आणि मध्येच विचारायचे, "हे मी काल बी म्हटलं होतं का?" बहुतेक वेळा म्हटलेलं नसायचं. मी तसं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे. डोळे गेल्याचं दुःख त्यांनी दोन वर्षं लपवून पेललं होतं. हे त्यांना पेलत नव्हतं.

एके दिवशी म्हणाले, "बाई, शाळेतला एक खडू आणून द्या."

मी आणून दिला. पुढच्या वेळी पाहते तर दुकानाच्या आतल्या काळ्या पडलेल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली होती. तिन्ही मुलींची, जावयांची, सगळ्या नातवंडांची. रोज दुकान उघडल्यावर भिंतीकडे पाठ करून ते ती नावं म्हणत आणि मग वळून तपासत. मी वर्गात पाठांतर करून घेणारी बाई. पण एका म्हाताऱ्या माणसाला आपल्याच नातवंडांची नावं पाठ करताना पाहणं मला सहन झालं नाही. मी चहा न घेताच निघाले.

माघ महिन्यात मी कोरपन्याला निघाले होते. रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून गाडी थांबवली. डाव्या हाताला एक शेत होतं. काटेरी, गुडघाभर झाडं आणि त्यांवर दाट पिवळी फुलं, कुठे कुठे केशरीकडे झुकलेली. बांधावर एक बाई उभ्या होत्या. वेळ जावा म्हणून मी विचारलं, "काय पेरलंय?"

"करडी हाय, बाई. कधी फूल नाई पाह्यलं का?"

गुरं निघून गेली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी तशीच बसून राहिले.

आमच्याकडे या पिकाला करडई म्हणतात. आणि करडा म्हणजे राखेच्या रंगाचा. पुस्तकातला, चांगला, नेमका शब्द. चाचांच्या कानांना तो शब्द या शेतातून ऐकू आला होता. त्यांनी मनात पिवळी, म्हणजे नव्या टेपची यादची वायर धरली आणि माझ्या हातात राखी, स्पीकरची वायर होती. ते चुकीचं ऐकत नव्हते. मीच त्यांच्याशी जपून बोलले होते.

कोरपन्याचं काम सोडून मी तिथूनच गाडी वळवली. जळका टेप मागे डिकीत पडून होता. चाचा स्टुलावर बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मास्तरीण बाई हाये तुमी. लेकरू नापास झालं का गोड बोलता. मले गोड नको."

"मी खरं सांगतेय, चाचा."

"का मन राखून राह्यल्या?"

मी जळका टेप त्यांच्या मांडीवर ठेवला. मी सोललेली वायर तशीच होती. त्यांनी ती बोटांनी शोधून काढली, चिमटीत धरली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली. ताई हात पुसत आल्या.

"ताई, हा रंग कोणता?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हा? शिमिट कलर."

"पिवळा नाई?"

"पिवळा कुठचा, चाचा? शिमिट कलर हाये."

"बाई, तुमी काय म्हणता याले?"

"करडी," मी म्हणाले.

ताई हसायलाच लागल्या. "करडी? अवो बाई, करडी त पिवळी रायते न! अशी शिमिटावानी करडी कोणत्या वावरात पाह्यली तुमी?"

चाचांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. "म्हंजे मी बरोबर ऐकलं."

"बरोबर ऐकलं."

"आन बरोबर समजलो."

"हो."

"चूक तुमची."

"पूर्ण माझी."

ते उठले. टेप मांडीवरून घरंगळला तो मी धरला. ते चालत थेट रस्त्याच्या कडेला गेले आणि पंक्चरवाल्याच्या दिशेने, खरं तर सगळ्या रस्त्यालाच उद्देशून, ओरडले, "ऐका रे! डोळे गेले हायेत माहे! रंग नाई दिसत मले! पण डोकं शाबूत हाये! डोकं नाई गेलं!"

दोन वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी अशी भर रस्त्यात टाकून दिली. पंक्चरवाल्याने ट्यूबवरून नजरही उचलली नाही.

"डोळ्याचं त अख्ख्या गडचांदूरले ठाऊक हाये, चाचा. नवीन काई असन त सांगा."

चाचा वळले. ताईंकडे पाहत राहिले. "तुले बी ठाऊक होतं?"

"नाई त काय! लोक इथी येऊन रंग बोंबलून राह्यले दोन वर्षं, ते काय पहाडे पाठ करत होते?"

"मंग कोणी बोललं काऊन नाई?"

"तुमी लपवून राह्यले होते न," ताई म्हणाल्या. "मंग आमी बी लपवलं."

ताई किटली उतू चालली म्हणून परत गेल्या.

पुढच्या रविवारी मी दुसरा टेप घेऊन गेले. सकाळचं ऊन होतं. या वेळी फ्रेम मी एकटीने काढली. चाचांनी बल्ब लावून गाडीच्या वायरी शोधल्या, टर्मिनल काढलं आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"हं, सांगा."

मी झुबका हातात घेतला. "काळी."

"हं."

"लाल."

"हं."

तिसरी वायर मी चिमटीत धरली. अठरा वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी किती वह्यांमधून लाल शाईने खोडला असेल, कोण जाणे.

"शिमिट कलर," मी म्हणाले.

"हं," चाचा म्हणाले. "पुढे."